पटकथा-विकसन

सुचलेल्या कथाबीजापासून चित्रीकरणायोग्य पूर्ण पटकथा हाती येईपर्यंतची लेखनप्रक्रिया. कथाकल्पना, एका-दोन वाक्यांतील गोष्ट (व्यवसायातील ‘वन लाइन’), कथासार, दृश्यांची क्रमवार मांडणी, पहिला खर्डा, पुनर्लेखनाचे खर्डे आणि दिग्दर्शकाच्या सहभागाने तयार होणारी चित्रीकरण-प्रत असे तिचे टप्पे सामान्यतः मानले जातात. नवोदित लेखकाच्या दृष्टीने यांत पहिला पूर्ण खर्डा सर्वांत निर्णायक आहे. कायद्याच्या लेखी आणि बव्हंशी व्यवसायातही कागदावर उतरलेल्या मजकुरालाच अस्तित्व असते. नुसत्या कल्पनेला धनी नसतो.

उगम : चित्रपटासाठी आधी लिहून काढण्याची पद्धत नेमकी केव्हा सुरू झाली, याविषयी मतभेद आहेत. १८९० च्या दशकातील चित्रफिती जेमतेम मिनिटभराच्या असत आणि त्यांना लेखनाची गरज नव्हती. रॉय मकार्डेल या अमेरिकन पत्रकाराला बायोग्राफ कंपनीने १८९८ च्या सुमारास लेखनासाठी नेमले व तोच पहिला पगारी चित्रपटलेखक होय, असे जुन्या ग्रंथांतून वारंवार आढळते. परंतु त्याचे काम प्रसंग सुचविणे व शीर्षके लिहिणे यापलीकडे फारसे नसावे. फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेल्येस यांच्या चंद्रप्रवासावरील चित्रपटाची (१९०२) दृश्यसूची काही अभ्यासक आद्य पटकथा मानतात. ही सूची विक्रीच्या माहितीपत्रकासाठी छापलेली दिसते. त्यामुळे तिला पटकथेऐवजी चित्रपटाचे वर्णन म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

दृश्यागणिक क्रमांक, स्थळ, पात्रे, वेशभूषा व खर्चाचा अंदाज देणाऱ्या तपशीलवार पटकथेचे श्रेय परंपरेने कॅलिफोर्नियातील निर्माते थॉमस इन्स यांना दिले जाते. हा काळ १९१२ ते १९१४ च्या आसपासचा धरतात. इन्स आपल्या दिग्दर्शकांकडे पटकथा सोपविताना ‘लिहिल्याप्रमाणे चित्रित करा’ असा शिक्का मारीत, ही कथा प्रसिद्ध असली तरी सावधपणेच घ्यावी लागते. चित्रपट-इतिहासकार जॅनेट स्टायगर यांनी या बदलाचे कारण व्यक्तीत न शोधता उत्पादनपद्धतीत शोधले आहे. चित्रपट एका रिळावरून अनेक रिळांवर गेला, कथेची सलगता डोक्यात ठेवणे अशक्य झाले आणि खर्चाचा अंदाज आधी बांधणे भाग पडले. म्हणून कागद आला. हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते, कारण साधारण त्याच सुमारास इतर कंपन्यांतही तशी लेखी मांडणी वापरात येत होती.

हौशी लेखकांची लाट : याच काळात अमेरिकेत सामान्य प्रेक्षकांकडून चित्रपटकथा मागविल्या जात. कारकून, शिक्षिका, गृहिणी अशा अनेकांनी कंपन्यांकडे लिखाण धाडले. कसे लिहावे हे सांगणारी पुस्तके आणि टपालाने चालणारे शिकवणीवर्ग निघाले. एप्स विन्थ्रॉप सार्जंट यांचे या विषयावरील सदर १९११ पासून एका व्यवसायपत्रात येऊ लागले. ही लाट ओसरण्याची कारणे दोन. स्टुडिओंनी स्वतःचे लेखनविभाग उभारले, हे एक. दुसरे कायद्याशी संबंधित आहे. केलम या अमेरिकन चित्रपट कंपनीसाठी लेखिका-अभिनेत्री जीन गाँटिअर यांनी ‘बेन हर’ कादंबरीवरून १९०७ मध्ये परवानगीविना कथानक बेतले होते. त्यावरील खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये प्रकाशकाच्या बाजूने निकाल दिला आणि चित्रपट हेही कादंबरीचे रूपांतर ठरले. पुढे वाङ्‌मयचौर्याच्या दाव्यांच्या धास्तीने न मागता आलेले लिखाण न उघडता परत करण्याचा शिरस्ता पडला. अनोळखी नवोदिताला दार बंद असणे ही आज स्वाभाविक वाटणारी गोष्ट तेव्हापासूनची आहे.

भारतात : दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी लेखनापासून दिग्दर्शनापर्यंतची बहुतेक कामे स्वतःच केली. मूकपटांच्या काळात कथानके प्रायः पुराणांतली व प्रेक्षकांना ठाऊक असल्याने लेखकाचे वेगळे स्थान ठळक झाले नाही. लंडनमध्ये लेखन करून आलेले निरंजन पाल हे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे टॉकीजचे प्रमुख लेखक होते. मराठीत मात्र पटकथेचे काम साहित्यिकांकडे गेले, आणि हे मराठी चित्रपटाचे मोठे भाग्य होय. शिवराम वाशीकर (‘संत तुकाराम’, १९३६), वि. स. खांडेकर (‘छाया’, १९३६), प्र. के. अत्रे (‘ब्रह्मचारी’, १९३८), विश्राम बेडेकर (‘शेजारी’, १९४१) आणि नंतर ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर यांनी चित्रपटासाठी सातत्याने लिहिले.

कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन स्वतंत्र श्रेये देण्याची प्रथा हे भारतीय चित्रपटाचे वैशिष्ट्य. तिचा संबंध काही जण पारशी रंगभूमीवरील मुन्शींच्या, म्हणजे नाटक मंडळ्यांच्या पदरी असलेल्या लेखकांच्या, परंपरेशी जोडतात. दुसऱ्या मतानुसार आरंभीचे बोलपट एकाच वेळी दोन भाषांत निघत, त्यातून संवादलेखक वेगळा झाला. प्रभातच्या ‘माणूस’ (१९३९) चे मराठी संवाद अनंत काणेकरांचे, तर त्याच्याच ‘आदमी’ या हिंदी आवृत्तीचे मुन्शी अझीझ यांचे आहेत. निदान महाराष्ट्रापुरते दुसरे मत अधिक पटते. या विभागणीमुळे नवोदिताचा प्रवेश पुष्कळदा संवादांच्या वाटेने होतो व रचनेचे शिक्षण मागे राहते.

रचना : एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, हा ठोकताळा आहे. तो अमेरिकन मांडणीवर बेतलेला असून डावीकडे कृती व उजवीकडे संवाद अशा जुन्या दुस्तंभी मांडणीला तसाच लागू पडत नाही. दृश्याच्या शिरोभागी क्रमांक, अंतर्गत वा बाह्य, स्थळ आणि दिवस वा रात्र यांची नोंद करतात. पटकथालेखनाचे अमेरिकन शिक्षक सिड फील्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेली त्रिअंकी रचना (मांडणीस साधारण तीस पाने, संघर्षास साठ, निरसनास तीस) भारतातील प्रशिक्षणवर्गांतही सर्रास शिकवली जाते. तिचा येथील मध्यंतराशी मेळ सहजी बसत नाही. मधल्या साठ पानांच्या ऐन मध्यावर मध्यंतर येते. त्यामुळे लेखक आपली सर्व शक्ती त्या एका कलाटणीवर खर्च करतो आणि ‘सेकंड हाफ’ला लिहायला संघर्षच उरत नाही. अर्धवट राहिलेल्या पटकथा पुष्कळदा येथेच थांबलेल्या आढळतात. कारण बहुधा आळसाचे नसते. प्रमुख पात्राला काय हवे आहे हे दृश्यमांडणीच्या टप्प्यावर ठरलेले नसते. म्हणून अनुभवी लेखक शेवट ठरवून मगच संवादांना हात घालतात. भारतीय व्यवसायात पटकथा वाचण्याऐवजी निर्मात्यापुढे तोंडी सांगण्याची, म्हणजे ‘नॅरेशन’ची रीत खोलवर रुजली आहे. तिच्यामुळे कथनकौशल्याला महत्त्व आले आणि लेखी खर्डा लांबणीवर टाकण्याची सवयही लागली.

कायदा : आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या विषयातील आधारभूत होय. ‘हम हिंदुस्तानी’ या आपल्या नाटकाचे वाचन नाटककाराने निर्माता-दिग्दर्शकांपुढे केले होते. ‘न्यू दिल्ली’ (१९५६) हा चित्रपट त्याचीच नक्कल असल्याचा त्यांचा दावा होता. प्रांतीय अभिमान ही मध्यवर्ती कल्पना दोन्हींत सारखी असली, तरी कल्पना, विषय, कथानक व ऐतिहासिक घटना यांवर स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणी व अभिव्यक्तीपुरताच असतो, असे सांगून न्यायालयाने दावा फेटाळला. नवोदिताने यातून घ्यायचा बोध थेट आहे : तपशिलाने लिहिलेल्या प्रतीइतके संरक्षण ‘वन लाइन’ला कधीच मिळत नाही. स्वामित्वहक्क लिहिताक्षणीच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तथापि मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे (पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन) केलेली नोंदणी मजकूर अमुक तारखेला अस्तित्वात होता याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. स्वामित्वहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेरील वापरासाठीच्या मानधनातील आपला वाटा लेखकाला करारानेही सोडून देता येत नाही.

प्रशिक्षण : पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेल्या शासकीय चित्रपट प्रशिक्षणसंस्थेत पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची पटकथालेखन कार्यशाळा २००७ पासून चालते. तीत निवडलेल्या लेखकांना मार्गदर्शकांबरोबर खर्ड्यांवर काम करता येते. ‘द लंचबॉक्स’ची पटकथा या कार्यशाळेतून गेलेली आहे.

मराठीत नाटकांच्या मानाने छापील पटकथा थोड्या आहेत. त्यामुळे विकसनाचा अभ्यास मूळ साहित्यकृती व तयार चित्रपट शेजारी ठेवूनच करावा लागतो. ‘अर्धसत्य’ (१९८३) हे त्यासाठी उत्तम उदाहरण. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि वसंत देव यांचे संवाद अशी तीन श्रेये येथे तीन लेखकांकडे विभागली आहेत, शिवाय दिलीप चित्रे यांची कविताही चित्रपटात आहे. कादंबरीवरून केलेल्या पटकथेसाठी तेंडुलकरांचेच ‘सिंहासन’ (१९७९) पाहावे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या तेथे एका कथानकात आणल्या आहेत, आणि काय ठेवले यापेक्षा काय गाळले हे तपासणे शिकणाऱ्याला अधिक उपयोगाचे ठरते.