राउटरमध्ये फायरवॉल आहे, मग विंडोजची कशाला?

कुणाला प्रिंटर सापडत नसला, कुणाचा गेम अडकत असला, की ठरलेला सल्ला येतो: "विंडोजची फायरवॉल बंद कर रे, राउटरमध्ये आहेच की." वर पुस्ती, की दोन फायरवॉल एकमेकींशी भांडतात. फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून येणारं-जाणारं तपासून नको ते अडवणारा पहारेकरी. मी नातेवाइकांचे लॅपटॉप चहावर दुरुस्त करून देतो. दर दिवाळीला निदान एका लॅपटॉपवर ही बंद केलेली फायरवॉल सापडते, आणि बंद कुणी केली हे घरात कुणालाच आठवत नसतं.

आधी त्या भांडणाचा निकाल लावू. भांडतात त्या एकाच मशीनवरच्या दोन सॉफ्टवेअर फायरवॉल. विकतच्या अँटीव्हायरससोबत आलेली फायरवॉल चालू झाली की विंडोज सहसा आपली मागे घेतं. हट्टानं दोन्ही चालवल्या, तर एकीनं सोडलेलं दुसरी अडवते आणि कारण शोधताना जीव जातो. राउटरची फायरवॉल तुमच्या लॅपटॉपवर चालतच नाही, भांडेल कशी?

राउटरमधलीला 'हार्डवेअर फायरवॉल' म्हणतात, ते नावच मला खटकतं. राउटरच्या डब्यातही सॉफ्टवेअरच असतं, बऱ्याचदा लिनक्स. खरा फरक जागेचा आहे.

राउटरचं काम बहुतेकांना ठाऊक असतं. घरातले १९२.१६८ वाले पत्ते तो एकाच बाहेरच्या पत्त्यामागे झाकतो आणि आतून कुणी मागवलेलं नसेल ते बाहेरचं पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, टाकून देतो. हे काम लहान नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा नेटवर्कवरून आपोआप पसरणारा किडा (वर्म) आला, तेव्हा मोडेमला थेट जोडलेले विंडोज एक्सपीवाले पीसी नुसते ऑनलाइन आले तरी लागण होई आणि पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई. एक्सपीत फायरवॉल होती, पण मुळात बंद. ती आपोआप चालू मिळायला लागली २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. मध्ये साधा राउटर असलेली घरं या किड्यापासून बरीचशी वाचली.

आता जिथे सगळे घसरतात ती जागा. घरातला फोन आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलतात तेव्हा पॅकेट राउटरच्या डब्यातूनच जातं. म्हणून माणसाला वाटतं, तिथे तपासणी झालीच असणार. होत नाही. त्या एका डब्यात तीन यंत्रं कोंबलेली असतात: वायफायचं केंद्र, तारा जोडायचा स्विच, आणि राउटर. फायरवॉल या तिसऱ्याच्या दारात, म्हणजे घर आणि बाहेरची फायबर यांच्यामध्ये बसलेली असते. फोनकडून लॅपटॉपकडे जाणारं पॅकेट पहिल्या दोघांतच वळून परत फिरतं, त्या दारापर्यंत जातच नाही. डबा तोच, वाट वेगळी.

पटत नसेल तर करून बघा. लॅपटॉपवर वायफाय 'पब्लिक नेटवर्क' म्हणून ठेवा, कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा देऊन पत्ता बघा, समजा १९२.१६८.१.७. फोनवर पिंगचं एखादं अ‍ॅप घेऊन त्या पत्त्याला पिंग द्या, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारा. उत्तर येत नाही. आता विंडोजची फायरवॉल मिनिटभर बंद करा. धडाधड उत्तरं. राउटरच्या सेटिंगला मध्ये कुणी हात लावलेला नाही.

पिंगच्या जागी फाइल शेअरिंगचा ४४५ पोर्ट, म्हणजे त्या कामाचं क्रमांकाचं दार धरा, की फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा मे २०१७ चा वॉनाक्राय हा किडा समोर येतो. एक मशीन सापडलं की शेजारची पॅच न लावलेली मशीनं तो आतल्या आत याच वाटेनं गाठत होता. घरात पाहुण्यांचा लॅपटॉप येतो, अपडेट न मिळणारा स्वस्तातला टीव्ही बॉक्स असतो, जिन्यातला कॅमेरा असतो. राउटरच्या लेखी हे सगळे घरचेच. यांना मी गेस्ट वायफायवर टाकतो, कारण बहुतेक राउटरांवर ते मुख्य नेटवर्कपासून तोडलेलं असतं. तुमच्या राउटरवर तसं आहे का, हे त्याच पिंगनं कळेल.

बाकीचे फरक भराभर. लॅपटॉप स्टेशनवर किंवा हॉटेलात गेला की घरचा राउटर घरीच राहतो. पॅकेट कोणत्या प्रोग्रॅमचं, हे विंडोजला कळतं, राउटरला नाही. आतून बाहेर जाणारं दोन्ही फायरवॉल मुळात सोडून देतात, त्यामुळे मेलमधली भलती फाइल उघडलीत तर दोघींपैकी कुणाला दोष देऊ नका. आणि विंडोजची ती 'अलाउ अ‍ॅक्सेस' विचारणारी खिडकी प्रोग्रॅमला इंटरनेट द्यायचं का हे विचारत नसते. बाहेरून कुणी त्याच्याशी बोलणं सुरू केलं तर चालेल का, एवढंच विचारते. मी बहुधा नाहीच म्हणतो. ब्राउझरचं काही अडत नाही.

राउटरवरही दोन गोष्टी बघाच. एक, यूपीएनपी ही सोय बंद. ते चालू असलं की घरातला कुठलाही प्रोग्रॅम पासवर्डशिवाय राउटरला पोर्ट उघडायला सांगू शकतो. गेमसाठी लागलाच तर एक पोर्ट हातानं उघडा. अख्खा पीसी 'डीएमझेड'मध्ये, म्हणजे बाहेरचं सगळं थेट त्याच्याकडे जाईल असा, टाकायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. दोन, आयपीव्ही६ ची, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीची, फायरवॉल चालू आहे ना. तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, एका पत्त्यामागे लपणं सहसा नसतंच.

चार फोन आणि एक लॅपटॉप असलेल्या घरासाठी वेगळा फायरवॉलचा डबा कुणी विकायला आला, तर घेऊ नका.

आणि हो, पिंगची चाचणी झाली की विंडोजची फायरवॉल परत चालू करा. मागच्या दिवाळीतला तो बंद फायरवॉलवाला लॅपटॉप माझाच होता.