बर्फ वितळल्यावर गोल्फ: स्की करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

स्की सर्व्हिसिंगसाठी आमच्याकडे आणून टाकल्या की पुढचे काही महिने करायचे काय, हा प्रश्न हंगामाच्या शेवटी काउंटरवर हमखास निघतो. सायकल, गिर्यारोहण, पोहणे ही उत्तरे बहुतेकांना ठाऊक असतात. गोल्फचे नाव काढले की मात्र काही जण हसतात. वेगाची चटक लागलेल्या माणसाने एका जागी उभे राहून चेंडू मारायचा, हे त्यांना पटत नाही. तरी दरवर्षी काही ग्राहक गोल्फकडे वळतात आणि त्यातले बरेच टिकतात. हे पत्रक त्यांच्यासाठी, आणि हसणाऱ्यांसाठीही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गोल्फ खेळून स्कीची तयारी होत नाही. उतारावर वळण घेताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. गोल्फमध्ये त्यांना तसे काम पडत नाही. त्यामुळे बैठका, पायऱ्या, डोंगर उतरणे हे चालूच ठेवावे लागेल. 18 होलची, म्हणजे चेंडू घालायच्या 18 खळग्यांची, फेरी पायी पूर्ण केली तर साधारण 8 ते 10 किलोमीटर चालणे होते, हा फायदा खरा आहे. पण बॅटरीच्या गाडीत बसून फिरलात तर तोही गेला.

मग गोल्फ का? कारण स्कीने तुम्हाला दोन गोष्टी आधीच शिकवलेल्या असतात: उतार ओळखणे आणि पायांवरचा भार जाणवणे. नवख्या गोल्फरची बरीच शक्ती या दोन गोष्टींवरच खर्च होते.

उताराची नजर

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू ढकलण्याला पटिंग म्हणतात. बाहेरून ते किरकोळ वाटते. पण पार 72 च्या, म्हणजे एकूण 72 फटके अपेक्षित असलेल्या, कोर्सवर प्रत्येक होलला पटिंगचे दोन फटके गृहीत धरलेले असतात. म्हणजे अपेक्षित फटक्यांपैकी निम्मे, 36, एकट्या पटरचे, म्हणजे पटिंगच्या काठीचे. आणि ग्रीन सहसा सपाट नसते.

इथे स्की करणाऱ्याचे पारडे जड असते. पाणी ओतले तर ते जिकडे वाहील ती दिशा, म्हणजे फॉल लाइन, तुम्ही रोजच शोधत असता. होलमधून जाणारी फॉल लाइन सापडली की कोडे बरेच सुटते. चेंडू त्या रेषेवर असेल तर सरळ जातो. रेषेच्या डावी-उजवीकडे असेल तर तो उताराच्या बाजूला वळतो. चढावर चेंडू जोरात मारावा लागतो, त्यामुळे कमी वळतो. उतारावर हळू सुटतो आणि जास्त वळतो. चेंडूचा वेग होलजवळ मंदावतो, म्हणून शेवटच्या दोन-तीन पावलांतला उतार सर्वांत महत्त्वाचा. नवखे लोक नेमका तोच पाहत नाहीत, चेंडूजवळची जमीन न्याहाळत बसतात.

आमचा सल्ला असा: डोळ्यांनी बघून झाले की चेंडू आणि होल यांच्या मधोमध, चेंडूच्या वाटेच्या बाजूला, दोन्ही पायांवर उभे राहा. कोणत्या पायावर जास्त भार येतोय ते तुमच्या तळव्यांना लगेच कळेल. दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेवर मात्र पाय ठेवायचा नाही. या खेळात ते फार उद्धटपणाचे समजतात.

स्विंगमध्ये काय कामी येते, काय आड येते

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवणे, संपतो तेव्हा जवळजवळ सगळा भार डाव्या पायावर असायला हवा. उजवीकडे वळताना बाहेरच्या, म्हणजे डाव्या स्कीवर जसा भार देता, तसाच. हा बदल तुमच्या अंगात मुरलेला आहे. कंबर आणि खांदे वेगवेगळे फिरवणेही नवे नाही.

पण घोडे पेंड खाते ते इथेच. स्कीवर धड शांत ठेवून पाय फिरवायचे असतात. गोल्फच्या बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, उलट खांदे भरपूर फिरतात, साधारण 90 अंश, आणि कंबर त्याच्या निम्मी. स्की करणारे बरेच जण सवयीने खांदे जागेवर ठेवतात आणि क्लब नुसता हातांनी उचलतात. मग ताकद येत नाही, म्हणून अजून जोर लावतात. फटक्याच्या वेळी क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूवर आदळणारी बाजू, त्याच्या मार्गापेक्षा उघडा (उजवीकडे वळलेला) राहतो आणि चेंडू उजवीकडे वळत झाडीत जातो.

दुसरी अडचण गुडघ्यांची. बुटाच्या जिभेवर नडगी दाबून उभे राहण्याची सवय इथे सोडावी लागते. गुडघे किंचित वाकवा, खुब्यांतून पुढे झुका, भार पायाच्या मध्यावर ठेवा. घोट्याला आवळून धरणारा बूट नसल्याने सुरुवातीला डगमगल्यासारखे होईल. पहिले काही दिवस दोन्ही पाय जवळ घेऊन अर्धेच स्विंग करा, तोल आपोआप सापडतो.

तिसरी अडचण डोक्यातली, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. उतारावर विचाराला वेळ नसतो. जमीन समोर येते, शरीर उत्तर देते. गोल्फचा चेंडू स्वस्थ पडून तुमची वाट बघतो. स्विंगला दोन सेकंदही लागत नाहीत, पण त्याआधी उभे राहून शंका काढायला हवा तितका वेळ असतो. ठरलेला क्रम ठेवा: मागून लक्ष्य बघायचे, एकदा हवेत क्लब फिरवायचा, उभे राहायचे, मारायचे. त्यापुढे थांबू नका.

खरेदीत हात आखडता घ्या

सामान विकणाऱ्यानेच असे लिहावे हे विचित्र वाटेल, पण पहिल्या मोसमात पूर्ण संच घेऊ नका. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब चालतात. कमी असले तर कोणी विचारत नाही. पटर, सँड वेज, 9 आणि 7 नंबरचे आयर्न आणि एक हायब्रिड एवढ्यावर पहिला मोसम आरामात निघतो. हा अर्धा संच आमच्याकडे भाड्यानेही मिळतो. ड्रायव्हर सर्वांत शेवटी घ्या. तो सर्वांत लांब क्लब, पटर सोडला तर त्याच्या चेहऱ्याचा कोन सर्वांत कमी, म्हणून चूकही सर्वांत मोठी दिसते. पहिल्याच दिवशी ड्रायव्हर हातात घेणे म्हणजे आधी कळस मग पाया.

शाफ्टचा, म्हणजे क्लबच्या दांड्याचा, कडकपणा निवडताना बुटांची आठवण ठेवा. 130 फ्लेक्सचा, म्हणजे फार कडक, बूट केवळ आकड्यासाठी घेऊन पुढे पाय धरून बसलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. शाफ्टचेही तसेच होते. स्विंगचा वेग मोजून घ्या आणि रेग्युलर (मध्यम कडक) निघाला तर रेग्युलरच घ्या.

हातमोजा एकच लागतो, उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या हातात. पळण्याचे जाड टाचेचे बूट टाळा. कपड्यांचे नियम प्रत्येक कोर्सचे वेगळे असतात, आधी विचारून घ्या.

जुनी दुखापत असेल तर

स्कीवर पडताना काठी हातात राहिल्याने अंगठ्याच्या मुळाशी लिगामेंट दुखावलेले अनेक जण असतात. क्लबची पकड त्याच जागी ताण देते. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली असेल तर अधिक जपा. फटका मारताना पुढच्या पायाच्या गुडघ्यावर, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या गुडघ्यावर, पीळ बसतो. त्या पायाचा चवडा लक्ष्याकडे थोडा वळवून उभे राहिल्यास पीळ कमी होतो. पण आधी डॉक्टरांना विचारा, आम्हाला नंतर. पाठीच्या खालच्या भागाचे दुखणे या खेळात नेहमीचे आहे. एकामागून एक शंभर चेंडू झोडपणे हा त्याला आमंत्रण देण्याचा सोपा मार्ग.

कोर्सवर जाण्याआधी

थेट 18 होलला जाऊ नका. त्याला चार तासांहून अधिक लागू शकतात. 9 होलची संध्याकाळची फेरी, तीही गर्दी नसताना, नवख्याला बरी. चेंडू हरवला तर शोधायला 3 मिनिटे मिळतात. 2019 पूर्वी 5 मिळत. मित्रांसोबत खेळताना पारच्या दुप्पट फटके झाले की चेंडू उचला आणि पुढे चला, मागचे लोक दुवा देतील. कोणाच्या दिशेने चेंडू गेला तर ‘फोर!’ असे जोरात ओरडा, लाजू नका. वीज चमकली की खेळ थांबवून आडोसा गाठा, झाडाखाली उभे राहू नका.

हँडिकॅपची, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची, भीती नको. 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत तो 54 पर्यंत मिळतो, म्हणजे तुमच्याहून कितीतरी सरस खेळाडूशीही बरोबरीचा सामना होऊ शकतो. स्कीच्या शर्यतीत अशी सोय क्वचितच असते.

डोंगर सोडवतच नसेल तर डोंगरातले कोर्स आहेत. स्वित्झर्लंडमधल्या क्रां-मोंताना इथे 1987 ची अल्पाइन स्की जागतिक स्पर्धा झाली आणि तिथल्याच सुमारे 1500 मीटर उंचीवरच्या कोर्सवर युरोपियन मास्टर्स ही व्यावसायिक गोल्फ स्पर्धा खेळली जाते. तिथल्या विरळ हवेत चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो. उंचावर खेळून खाली आलात की एक क्लब मोठा, म्हणजे जास्त लांब मारणारा, घ्यावा लागेल.

आणि सरावाच्या रेंजवर पळण्याआधी घरी ठेवलेल्या स्की बघा. कडा पुसून कोरड्या करा, तळाला मेणाचा जाड थर द्या आणि तो न खरवडता तसाच राहू द्या. बुटांचे बकल हलके लावून ठेवा. आमच्याकडे दिलेल्या स्कींचे हे सगळे आम्ही करतो. त्या नेताना पावती सोबत आणा.