मोबाईलची तारीख मागे केली तरी एक्स्पायर झालेला पिक्चर का चालू होत नाही

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर नेवऱ्यांच्या फोटोंसोबत एक मेसेज हमखास येतो. "डाउनलोड केलेला पिक्चर एक्स्पायर झाला? टेन्शन नको. फोन एअरप्लेन मोडवर टाका, तारीख आठ दिवस मागे करा आणि आरामात बघा." मुंबईहून कोकण रेल्वेने येणारी मंडळी आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवतात, कारण रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की रेंज गेलीच आणि मग पेडण्याचा बोगदा सुटेपर्यंत ती येत-जातच राहते, त्यामुळे या मेसेजला गिऱ्हाईक भरपूर. माझ्या भाच्याने तो करून बघितला. "मामा, तारीख मागे केली तरी एक्स्पायर्डच दाखवतंय, वर व्हॉट्सॲप म्हणतंय तुझी तारीखच चुकीची आहे." म्हटलं, बाबा, आधी तारीख जागेवर आण, नाहीतर बँकेचं ॲप पण रुसेल.

बऱ्याच जणांची समजूत अशी की मुदत संपली की ॲप फाईल पुसून टाकतं, आणि मुदत संपली का हे ते फोनच्या कॅलेंडरवरून ठरवतं. पहिलं सहसा खरं नसतं, सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज बघितलंत तर एक्स्पायर झालेला पिक्चर बऱ्याचदा आहे तेवढीच जागा अडवून बसलेला सापडेल. दुसरं थोडंसंच खरं आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे, पण आधी थोडी तयारी करावी लागेल.

डाउनलोड झालेली फाईल एन्क्रिप्टेड असते, म्हणजे चावीशिवाय उघडता न येणारी. त्यासाठी बहुतेक ठिकाणी एईएस नावाची पद्धत वापरतात. जोआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन लोकांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये अमेरिकेने ती स्टँडर्ड म्हणून जाहीर केली. चावी १२८ बिटची, म्हणजे शक्य चाव्यांची संख्या ३९ आकडी, एकेक लावून बघत बसलात तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. (जाहिरातीत 'मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन' असं वाचलंत तर भारावून जाऊ नका, तुमच्या घरच्या वायफायलाही हीच एईएस असते.) ही चावी फाईलसोबत येत नाही, ती लायसन्स सर्व्हरकडून वेगळी येते, आणि येताना अशी गुंडाळलेली असते की फक्त तुमच्याच फोनला उघडता यावी. चावीसोबत अटी येतात. हे सगळं सांभाळणारी सिस्टीम म्हणजे डीआरएम. ॲपलची फेअरप्ले, मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी आणि अँड्रॉइडवर वाइडवाइन, जी कंपनी गूगलने २०१० मध्ये विकत घेतली.

वाइडवाइनच्या अटींमध्ये मुदत सेकंदांत लिहिलेली असते आणि ती दोन प्रकारची असू शकते. एक चावी मिळाल्यापासून मोजायची, दुसरी पहिल्यांदा प्ले दाबल्यापासून. भाड्याने घेतलेल्या पिक्चरला साधारण ३० दिवसांत सुरू करा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवा असं असतं, म्हणजे २५,९२,००० सेकंद आणि १,७२,८०० सेकंद. युट्यूबने भारतात २०१४ च्या डिसेंबरमध्ये ऑफलाइनची सोय आणली तेव्हाही ४८ तासच होते. नेटफ्लिक्सने डाउनलोड द्यायला सुरुवात केली ३० नोव्हेंबर २०१६ ला, तिथे प्रत्येक पिक्चरची मुदत वेगळी. याचं कारण सरळ आहे. ॲपवाले बऱ्याच पिक्चरचे मालक नसतात, त्यांनी तो ठरावीक देशासाठी ठरावीक काळापुरता स्टुडिओकडून घेतलेला असतो, आणि तुम्ही महिनाभराचे पैसे भरून पन्नास पिक्चर उतरवून सबस्क्रिप्शन बंद केलंत तर त्यांचा धंदाच बसेल. ३० दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. ४८ तास मात्र कद्रूपणा वाटतो, घरात लहान मूल असलं की दोन तासांचा पिक्चर चार रात्रींत संपतो हे ठरवणाऱ्याला माहीत नसावं.

या ४८ तासांना जुना इतिहासही आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत डिव्हएक्स नावाच्या डिस्क आल्या होत्या, पहिल्यांदा लावली की ४८ तास चालायची, आणि प्लेयर घरच्या टेलिफोन लाइनवरून कंपनीला हिशोब द्यायचा. लोकांनी नाकारली, १९९९ च्या जूनमध्ये दुकान बंद. मग २००३ मध्ये डिस्नीने याहून भारी प्रकार आणला, पाकीट फोडलं की डिस्कमधलं रसायन हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावून लालचं काळं व्हायचं आणि दोनेक दिवसांत लेझरला आरपार दिसेनासं व्हायचं. तोही धंदा चालला नाही आणि कचरा झाला तो वेगळाच, पण मुदत मोजण्याची युक्ती म्हणून मला ती फार आवडते, ऑक्सिजन काही सेटिंगमध्ये जाऊन मागे करता येत नाही.

फोनला ही चैन नाही. बोगद्यात, चोर्ला घाटात, नेत्रावळीच्या जंगलात फोनला कोणाला वेळ विचारायची सोय नसते, त्याला स्वतःच मोजावी लागते. कशी मोजतो ते बघा.

बहुतेक फोनमध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या डबीत क्वार्ट्झचा म्हणजे गारगोटीच्याच जातीचा, पण कारखान्यात वाढवलेला एक स्फटिक असतो, शाळेच्या लॅबमधल्या ट्यूनिंग फोर्कच्या आकाराचा. क्वार्ट्झ दाबला की त्यावर विद्युतभार येतो हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. त्याच्या उलटही होतं, व्होल्टेज दिलं की स्फटिक किंचित वाकतो. मग त्याला सर्किटमध्ये बसवून आपल्या नैसर्गिक लयीत थरथरायला लावायचं आणि थरथर मोजायची. हा फोर्क असा कापतात की सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरावा. आकडा विचित्र वाटतो, पण तो २ चा १५ वा घात आहे, म्हणजे पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला एक टिकटिक हातात येते, आणि निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं सगळ्यात स्वस्त काम. शिवाय २०,००० च्या वर असल्यामुळे आपल्या कानाला ऐकू येत नाही. भिंतीवरच्या सेलच्या घड्याळातही हाच आकडा.

इथे थोडं विषयांतर, हणजूणच्या बुधवारच्या बाजारात आणि हरमलच्या किनाऱ्यावर क्वार्ट्झचे खडे 'व्हायब्रेशन' आणि 'एनर्जी'च्या नावाखाली विकतात, उशीखाली ठेवा, झोप लागेल, पैसा येईल वगैरे. क्वार्ट्झ थरथरतो हे खरंच, पण त्याला वीज दिली तर. उशीखालचा खडा काही करत नाही, टोचला तर टोचेल. खऱ्या थरथरणाऱ्या स्फटिकाची हौस असेल तर तो आधीच तुमच्या खिशात आहे, वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

हा स्फटिक चुकतो किती? साधारण दहा लाखांत वीस, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, आणि महिनाभर नेटवर्क मिळालं नाही तर पाऊणेक मिनिट, फार तर जरा जास्त. तापमानाचाही परिणाम होतो, २५ अंशांच्या आसपास तो सगळ्यात नीट चालतो, त्याहून गरम झाला तरी मागे पडतो आणि थंड झाला तरी मागेच पडतो, आणि हा फरक तापमानातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मे महिन्यात पणजीत उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ६० अंशांना गेला असं धरा, ३५ चा वर्ग १२२५, त्याला या स्फटिकाच्या ०.०३४ या गुणांकाने गुणलं की दहा लाखांत बेचाळीसेक, म्हणजे दिवसाला साडेतीन सेकंदांच्या वर. महिनाभर अखंड तसा ठेवलात तर भाड्याच्या पिक्चरला पावणेदोन मिनिटं जास्त मिळतील, फक्त तोपर्यंत बॅटरी फुगलेली असेल.

तर वेळ मोजण्यात फोन कच्चा नाही. अडचण अशी की ज्याच्या हातात फोन आहे त्याच्यावरच ॲपवाल्याचा भरवसा नाही. म्हणून फोनमध्ये वेळेचे एकाहून जास्त हिशोब चालतात. स्क्रीनवर दिसतो तो एक, तो तुम्ही हवा तसा बदला. दुसरा म्हणजे फोन चालू केल्यापासून किती वेळ झाला याचा काउंटर, तो फोन झोपेत असतानाही चालतो आणि त्याला सेटिंगमध्ये बटणच नाही. समजा चावी आली तेव्हा काउंटर १,००,००० सेकंदांवर होता आणि आता १,९०,००० वर आहे, तर २५ तास गेले. तारीख तुम्ही आठ दिवस मागे करा नाहीतर थेट पोर्तुगीज काळात न्या, २५ तास गेले ते गेलेच.

मग हुशार माणूस फोन रीस्टार्ट करतो, कारण त्याने काउंटर शून्यावर येतो. त्यासाठी तिसरी व्यवस्था, आजवर दिसलेली सगळ्यात उशिराची वेळ लिहून ठेवायची. फोन पुन्हा चालू झाल्यावर कॅलेंडर त्या खुणेच्या आधीची तारीख सांगायला लागलं की काहीतरी गडबड आहे हे कळतं, मग कॅलेंडर सोडून खुणेपासून पुढे मोजायचं. घरच्या विजेच्या मीटरसारखं, आकडा पुढेच जाणार. जिथे ही व्यवस्था साधीसुधी असते तिथे एक तोटा होऊ शकतो, गेममध्ये लाइफ लवकर मिळाव्यात म्हणून पोरं तारीख पुढे करतात, मग खूणही पुढे सरकते आणि सगळे डाउनलोड एकदम मरतात. भाच्याला विचारलं तर तो गप्प बसला, त्यावरून काय ते समजलो.

आता खूण लिहायची कुठे? साध्या फाईलमध्ये लिहिली तर तुम्ही चावी आली त्या दिवशीच त्या फाईलची कॉपी काढून ठेवाल आणि नंतर जुनी कॉपी परत चिकटवाल. फाईल एन्क्रिप्ट करून उपयोग नाही, सही करूनही नाही, कारण जुनी फाईलही खरीच आहे, तिच्यावरची सहीही खरीच आहे, ती फक्त जुनी आहे. यावर उपाय फोनच्या मेमरी चिपमध्येच असतो, आरपीएमबी नावाचा एक छोटा कप्पा. त्यात कारखान्यात एकदाच २५६ बिटची गुप्त चावी भरतात, ती पुन्हा वाचताही येत नाही आणि बदलताही येत नाही. या कप्प्यात काही लिहायचं तर मजकूर आणि 'आतापर्यंत किती वेळा लिहिलं' तो आकडा हे दोन्ही मिळून त्या चावीने सही करावी लागते. प्रत्येक लिखाणाला आकडा एकने वाढतो, जुना आकडा घेऊन आलात तर चिप नकार देते. वाचतानाही विचारणारा दर वेळी एक नवीन रँडम आकडा पाठवतो आणि उत्तरावरच्या सहीत तोच आकडा असावा लागतो, म्हणजे मधे बसून कोणी कालचं उत्तर आज देऊ शकत नाही. आणि हे वाचणारा-लिहिणारा अँड्रॉइड नसतो, प्रोसेसरच्या आत वेगळा राखलेला सुरक्षित भाग असतो, ज्याच्या मेमरीत अँड्रॉइडलाही डोकावता येत नाही. महागड्या फोनपासून बऱ्याच स्वस्त फोनपर्यंत आता हे असतं, मात्र प्रत्येक ॲप याचा पुरता वापर करतंच असं नाही, त्यामुळे काही ठिकाणी मेसेजमधली युक्ती कधीकाळी चाललीही असेल.

एवढं करूनही एक भोक राहतंच. फोनची बॅटरी पार मेली आणि आतलं घड्याळही थांबलं तर पुन्हा चालू झाल्यावर फोनला एवढंच ठाऊक असतं की शेवटच्या खुणेनंतरची कुठली तरी वेळ आहे. मधे दोन तास गेले की दोन महिने, हे आतून सिद्ध करता येत नाही. ऑफलाइन यंत्राला 'निदान इतके वाजलेत' म्हणता येतं, 'नक्की इतकेच वाजलेत' म्हणायला बाहेरचा साक्षीदार लागतो. जीपीएसवरून का घेत नाही असं बरेच जण विचारतात, त्या उपग्रहांवर तर अणुघड्याळं असतात. पण आपल्या फोनला मिळणाऱ्या साध्या जीपीएस सिग्नलवर सही नसते, तो खोटा तयार करणं फार महागाचं काम नाही, आणि बोगद्यात तो येतही नाही. म्हणून मग युट्यूब प्रीमियमसारख्या सेवा २९-३० दिवसांतून एकदा तरी नेटवर्कवर या म्हणतात. तेव्हा सर्व्हर खरी वेळ सांगतो, तुमचं सबस्क्रिप्शन चालू आहे का बघतो आणि चावीला नवीन मुदत देतो.

ही नवीन चावी जेमतेम काही केबींची असते. सबस्क्रिप्शन चालू असेल आणि पिक्चर ॲपवर अजून असेल तर अख्खा एक जीबी पुन्हा उतरवायची गरज नसते, डाउनलोडच्या यादीत रिन्यूचं चिन्ह दाबलं की थिवी स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते तेवढ्यात, एक काडी रेंजवरही काम होऊन जातं. फक्त पिक्चर भाड्याचा असेल तर निघायच्या आदल्या दिवशी नीट चालतोय ना बघू म्हणून प्ले दाबू नका, ४८ तासांची मोजणी तिथूनच सुरू होते.