संपत्ती कर (भारत)

संपत्ती कर हा व्यक्तीच्या वार्षिक उत्पन्नावर नव्हे, तर तिच्या मालमत्तेतून कर्जे वजा जाता उरणाऱ्या निव्वळ संपत्तीवर दरवर्षी आकारला जाणारा प्रत्यक्ष कर होय. भारतात तो १९५७ च्या अधिनियमाने लागू झाला आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द करण्यात आला. महापालिका घरांवर व इमारतींवर आकारतात तो मालमत्ता कर याहून वेगळा आहे. अतिश्रीमंतांकडून जादा कर घ्यावा की नाही, हा वाद आज नव्याने रंगत असला, तरी त्याबाबतचा आपला सर्वांत दीर्घ अनुभव या रद्द झालेल्या कायद्यातच साठलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर पिढीजात संपत्तीवर पहिला कर आला तो १९५३ साली, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना. मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर वारसांकडून घेतला जाणारा हा कर मृत्युकर म्हणून ओळखला जाई. १९५६ च्या आरंभी केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात आले आणि त्यांनी करव्यवस्थेच्या सुधारणेचा आराखडा सादर केला. त्याच वर्षी देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामुळे आराखड्याची अंमलबजावणी नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या हातून झाली.

काल्डोर यांचा युक्तिवाद अजूनही खोडता येण्याजोगा नाही. ज्याच्याजवळ काहीच नाही तो भिकारी आणि ज्याने सारी दौलत सोन्या-हिऱ्यांत ठेवली आहे तो धनिक, या दोघांचेही उत्पन्न शून्य दाखवता येते. म्हणून केवळ प्राप्तिकरावर विसंबणारे सरकार दोघांनाही सारखेच लेखते. मात्र हा कर त्यांनी एकटा सुचवलेला नव्हता. संपत्ती कर, खर्चकर, बक्षीसकर आणि भांडवली नफ्यावरील कर हे चारही एकमेकांची माहिती पडताळून पाहतील आणि त्यांच्या जोडीने प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांपर्यंत खाली येईल, अशी त्यांची योजना होती. प्रत्यक्षात नवे कर स्वीकारले गेले, पण प्राप्तिकराचा कमाल दर तेथवर उतरला नाही. खर्चकर १९६२ मध्ये काढून टाकला गेला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. योजनेचा सांधाच अशा रीतीने निखळला आणि पुढील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे, असे म्हणावे लागते.

सुरुवातीला संपत्ती कराचे दर अर्धा ते दीड टक्का इतके माफक होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी मात्र ते कमाल ८ टक्क्यांवर गेले आणि त्याच काळात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभार (म्हणजे कराच्या रकमेवर आकारला जाणारा जादा कर) धरून ९७.७५ टक्के झाला. दोन्ही कर मिळून एखाद्याच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षाही जास्त देणे निघू शकत होते. असा कर भरला जाण्याऐवजी लपवला जातो, हे मान्य करायला हवे. जमिनीची किंमत खरेदीखतात कमी दाखवणे, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या किंवा न्यासाच्या नावाने मालमत्ता वाटून टाकणे, दागिन्यांचे वजन कमी सांगणे हे मार्ग सर्रास वापरले जात, आणि मूल्यांकनाचे वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे पडून राहत.

घटनात्मक वादही झाला. संविधानातील केंद्र सूचीची (केंद्राच्या अधिकारातील विषयांच्या यादीची) नोंद ८६ शेतजमीन वगळून मालमत्तेवर कर लावण्याचा अधिकार देते, तरीही १९६९ च्या वित्त अधिनियमाने शेतजमीन कराच्या कक्षेत आणली. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली हरभजनसिंग धिल्लों खटल्यात चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ही दुरुस्ती वैध ठरवली. पुढे शेतजमीन पुन्हा वगळण्यात आली.

मृत्युकर १९८५ मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी रद्द केला. त्याचे उत्पन्न सुमारे २० कोटी रुपये होते आणि त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त होता. संपत्ती कर टिकला, पण करसुधारणेसाठी नेमलेल्या राजा चेलय्या समितीच्या शिफारशींनंतर त्याचे रूप पालटले. १ एप्रिल १९९३ पासून १५ लाख रुपयांपेक्षा जास्त संपत्तीवर सरसकट १ टक्का दर ठरला (ही मर्यादा नंतर ३० लाख झाली) आणि ‘अनुत्पादक’ मालमत्ताच करपात्र राहिली : जादा घरे, शहरी जमीन, मोटारी, दागिने, नौका, विमाने, ५० हजारांवरील रोकड. शेअर, बँकेतील ठेवी आणि म्युच्युअल फंड पूर्णपणे सुटले. गुंतवणुकीला उत्तेजन हा हेतू प्रामाणिक होता. परंतु देशातील सर्वांत मोठ्या संपत्ती ज्या कंपन्यांच्या समभागांत साठत होत्या, त्यांनाच हात न लावणारा कर पुढे ‘उत्पन्न तुटपुंजे’ म्हणून दोषी ठरवला गेला, हा न्याय नव्हे. २०१३-१४ मध्ये त्यातून सुमारे १,००८ कोटी रुपये जमा झाले होते.

२०१५ मध्ये अर्थमंत्री अरुण जेटली यांनी हा कर रद्द करून वर्षाला १ कोटीहून अधिक उत्पन्न असलेल्यांवर २ टक्के जादा अधिभार लावला आणि त्यातून सुमारे ९,००० कोटींची अपेक्षा व्यक्त केली. २०१९ मध्ये ५ कोटींवरील उत्पन्नाचा अधिभार ३७ टक्क्यांवर नेण्यात आला, तेव्हा कराचा कमाल प्रभावी दर ४२.७४ टक्के झाला. २०२३ मध्ये नव्या करप्रणालीत अधिभार २५ टक्क्यांवर आल्याने तो सुमारे ३९ टक्के राहिला. वसुली सोपी झाली हे खरे, पण अधिभार हा संपत्ती कराचा पर्याय ठरत नाही. तो मोठ्या पगारावर पूर्ण पडतो, तर लाभांश आणि दीर्घकालीन भांडवली नफ्यावर तो १५ टक्क्यांपुढे जात नाही; आणि न विकलेल्या समभागांची किंमत कितीही वाढली तरी त्या वाढीला तो स्पर्शही करत नाही. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद २७१ नुसार अधिभाराची रक्कम राज्यांना वाटून द्यावी लागत नाही. मुंबईत राहणाऱ्या धनिकांकडून गोळा होणाऱ्या या पैशांत महाराष्ट्राचा वाटा म्हणून काही ठरलेला नाही. राज्याच्या स्वतःच्या हाती जो व्यवसाय कर आहे, आणि जो महाराष्ट्राने १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी सुरू केला, त्यावर अनुच्छेद २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली असल्याने कारकून आणि अब्जाधीश सारखीच रक्कम भरतात.

२०२४ मध्ये फ्रेंच अर्थतज्ज्ञ तोमा पिकेती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या संपत्तीपैकी ४०.१ टक्के वाटा होता. १० कोटींवरील निव्वळ संपत्तीवर वार्षिक २ टक्के कर आणि तेवढ्याच मर्यादेपुढील वारसा संपत्तीवर ३३ टक्के कर, असा त्यांचा एक प्रस्ताव आहे. त्याच वर्षी ब्राझीलच्या अध्यक्षतेखालील जी-२० गटापुढे अर्थतज्ज्ञ गाब्रिएल झुकमन यांनी अब्जाधीशांवर किमान २ टक्के कराची कल्पना मांडली.

विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की भांडवल देश सोडून जाते. १९९० मध्ये विकसित देशांच्या ओईसीडी संघटनेतील बारा देशांत असा कर होता, २०१७ मध्ये तो चारच देशांत उरला, आणि २०१८ पासून फ्रान्सने तो स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. स्वित्झर्लंडमध्ये मात्र तो आजही प्रांतनिहाय आकारला जातो. मूल्यांकनाचा जुना आक्षेप आता बराच दुबळा झाला आहे. १९९६ मध्ये मुंबईत पहिली डिपॉझिटरी (समभाग इलेक्ट्रॉनिक रूपात जपणारी संस्था) सुरू झाल्यापासून नोंदणीकृत समभाग डीमॅट खात्यांत असतात आणि त्यांची किंमत कोणत्याही दिवशी काढता येते. खरी अडचण उरते ती शेअर बाजारात नोंद नसलेल्या कौटुंबिक कंपन्यांची आणि खासगी न्यासांची. मालकीचा अंतिम लाभ कोणाला मिळतो याची सक्तीची नोंद ठेवली गेल्याशिवाय नव्या कायद्यातूनही तीच संपत्ती निसटेल.