आकडा मोटारीवर की पाण्यावर? सर्व्हिसच्या मर्यादांची पार्श्वभूमी

लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ (फार फाइल्स उघड्या) ही चूक दिसली की सर्व्हर सांभाळणारा माणूस आधी लिमिट्स डॉट कॉन्फ ही मर्यादा लिहायची फाइल उघडतो. कोल्हापुरात एका दूध संस्थेच्या सर्व्हरवर, दहा दिवसांच्या बिलाच्या रात्री, मीही तेच केलं. आकडा ६५५३६ केला, डेटाबेस रीस्टार्ट केला, चूक जशीच्या तशी. दोन तासांनी डेटाबेसच्या प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, नंबर घेऊन चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’मधली लिमिट्स फाइल वाचली, तर ‘मॅक्स ओपन फाइल्स’पुढे १०२४. मी लिहिलेला आकडा सर्व्हिसपर्यंत, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या त्या डेटाबेसपर्यंत, पोचलाच नव्हता.

याचं मूळ १९८३ च्या ४.२ बीएसडीत आहे. बर्कलीच्या या युनिक्समध्ये सेटआरलिमिट, म्हणजे मर्यादा घालायची सोय, आली. एकाच मशीनवर अनेकजण लॉगिन करून बसायचे, आणि एकाचा भरकटलेला प्रोग्रॅम सगळ्यांचं काम अडवायचा. म्हणून मर्यादा प्रोसेसला बांधली आणि नव्या प्रोसेसने (मुलाने) ती आपल्याला सुरू करणाऱ्या प्रोसेसकडून (आईकडून) घ्यायची असं ठरलं. लिमिट्स डॉट कॉन्फ पुढे आली ती पॅम या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेसोबत, आणि पॅम ती लावतं लॉगिनच्या वेळी. सर्व्हिस लॉगिन करत नाही. माझे दोन तास एवढ्यासाठी गेले. १०२४ हा आकडासुद्धा जुनाच: अनेक फाइल्सवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या सिलेक्ट या सिस्टम कॉलची यादी तेवढ्यावरच संपते, त्यामुळे आजही सॉफ्ट मर्यादा (प्रोग्रॅमला स्वतः वाढवता येणारी) सहसा तीच असते.

मर्यादा वारशाने येते, यातून, सर्व्हिस सुरू करणाऱ्या जुन्या इनिट स्क्रिप्टच्या काळात, एक फार फसवा प्रकार घडायचा. तुम्ही तुमच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागी, युलिमिट (तिथली मर्यादा) वाढवायचा, तिथूनच सर्व्हिस चालू करायची, आणि सगळं सुरळीत. महिन्याभराने लाइट गेली, मशीन आपोआप उठलं, की तीच सर्व्हिस कमी मर्यादेवर उभी! बदल कुणीच केलेला नाही, तरी बिघाड.

खरी अडचण त्याहून खोल होती. भोगावती-पंचगंगेच्या काठावर जो उन्हाळ्यातली उपसाबंदी बघतो त्याला ती लगेच कळेल. प्रत्येक मोटार पाच एचपीच्या वर नको असं ठरवलं, पण मोटारी किती हे मोजलंच नाही, तर बंधारा रिकामा व्हायचा तो होतोच. सेटआरलिमिटचं तसंच झालं. सर्व्हिसने चाळीस प्रोसेस काढल्या की प्रत्येकीला पुन्हा पूर्ण मेमरीची मुभा. प्रोसेसच्या संख्येची मर्यादा होती, पण ती मोजली जायची युजरच्या नावावर. प्रत्यक्ष वापरलेल्या मेमरीवरची आरएसएस मर्यादा तर लिनक्समध्ये २.४.३० पासून काहीच करत नाही; नाव तेवढं उरलंय.

मोटार सोडून पाणी मोजायची कल्पना २००६ मध्ये गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी मांडली. आधीचं नाव ‘प्रोसेस कंटेनर्स’. नंतर ते कंट्रोल ग्रुप्स, म्हणजे सीग्रुप झालं आणि जानेवारी २००८ च्या लिनक्स २.६.२४ मध्ये आलं. प्रोसेस एका गटात, तिची पोरंही त्याच गटात, आणि हिशोब अख्ख्या गटाचा.

२०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सर्व्हिस सुरू करणारं आणि सांभाळणारं सिस्टमडी आणलं आणि प्रत्येक सर्व्हिसला स्वतःचा सीग्रुप दिला. सिस्टमडीवर वाद खूप झाले, पण माझ्या मते त्या गदारोळात त्याचं हे मोठं काम झाकोळलं. सर्व्हिस आता तुमच्या शेलमधून नव्हे, थेट पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसमधून सुरू होते, त्यामुळे तो वारशाचा घोळही संपला.

सीग्रुपची पहिली आवृत्ती विस्कळीत होती. मेमरीसाठी गटांचं झाड वेगळं, डिस्कसाठी वेगळं असू शकायचं, त्यामुळे मेमरीतून उशिरा डिस्कवर जाणारं लिखाण नेमकं कुणाच्या खात्यावर टाकायचं हे नीट ठरत नसे. तेजुन हिओ यांच्या पुढाकाराने एकच झाड असलेली दुसरी आवृत्ती आली. मार्च २०१६ च्या लिनक्स ४.५ मध्ये ती अधिकृत झाली. तिच्यातल्या दोन मर्यादा मला फार शहाणपणाच्या वाटतात. ‘मेमरीहाय’ ओलांडली की सर्व्हिस मंदावते, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिच्याकडून मेमरी परत घ्यायला लागतं. ‘मेमरीमॅक्स’ला टेकली आणि काहीच सोडवता आलं नाही, तर त्या गटातलीच प्रोसेस मारली जाते. शेजारच्या सर्व्हिसवर पाळी येत नाही.

त्या रात्री शेवटी सर्व्हिसची सेटिंग बदलणारं सिस्टमडीचं सिस्टमसीटीएल एडिट उघडलं, सर्व्हिसच्या विभागात लिमिटनोफाइल (उघड्या फाइल्सची मर्यादा) ६५५३६ लिहिलं, खाली मेमरीहाय आणि मेमरीमॅक्सच्या दोन ओळी घातल्या आणि रीस्टार्ट केलं. ‘प्रॉक’मधली फाइल परत वाचली, तेव्हा १०२४ च्या जागी ६५५३६ होते. बिलं पहाटेच्या संकलनाआधी छापून झाली.