धागा टिकतो, रेझिन हरते

स्पोर्ट्स कारच्या मागच्या बंपरखाली, सायलेन्सरच्या तोंडाशी काळ्या विणीची चकचकीत कार्बन फायबर टिप बाजारातून आणून बसवण्याची हौस आता जगभर रुजली आहे. उष्णतेने खराब झालेली अशी एखादी टिप हातात घेऊन उजेडात फिरवून पाहावी. बाहेरचा काठ अजून काळाभोर असतो. पण धातूच्या नळीला टेकणाऱ्या कडेकडे जावे तसा वरचा पारदर्शक थर आधी पिवळसर आणि मग तपकिरी होत गेलेला दिसतो, कुठे बारीक फोड आलेले असतात, तर कुठे केसासारख्या भेगा पडलेल्या असतात. विणीतला धागा मात्र बहुधा जसाच्या तसा असतो.

आपण ज्याला कार्बन फायबर म्हणतो ते निव्वळ कार्बन नसते. जेमतेम 5 ते 7 मायक्रोमीटर जाडीच्या तंतूंचे कापड एपॉक्सी रेझिन या नंतर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात भिजवून, साच्यात दाबून आणि तापवून हा पदार्थ तयार होतो. यातला तंतू उष्णतेला विलक्षण चिवट आहे: हवा नसेल तर तो 2000 अंश सेल्सिअसलाही टिकतो, आणि हवेत साधारण 400 ते 500 अंशांच्या पुढे गेल्यावरच हळूहळू जळू लागतो. त्याला धरून ठेवणारे रेझिन मात्र त्याच्या कितीतरी आधी हार मानते.

गुळाची चिक्की थंड असताना कडकन मोडते आणि उन्हात राहिली की वाकू लागते. एपॉक्सीचेही असेच एक तापमान असते, ज्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. त्याचे रेणू जाळ्यासारखे एकमेकांत बांधलेले असल्यामुळे ते गुळासारखे वितळत नाही, पण त्या तापमानापलीकडे रबरासारखे मऊ पडते आणि तंतूंना जागच्या जागी धरून ठेवू शकत नाही. खोलीच्या तापमानालाच घट्ट होऊ दिलेल्या साध्या एपॉक्सीत ही मर्यादा 60 ते 80 अंशांच्या आसपास असते, 180 अंशांवर तापवून घट्ट केलेल्या चांगल्या एपॉक्सीत साधारण 180 ते 200 अंश, आणि बिसमॅलिमाइड जातीच्या महागड्या रेझिनमध्ये 250 अंशांच्या वर. बाहेरून तिन्ही टिपा सारख्याच काळ्या आणि सारख्याच चकचकीत दिसतात, आणि ग्राहकाची खरी फसगत इथेच होते असे मला वाटते.

पूर्ण जोर लावलेल्या पेट्रोल इंजिनातून निघणारे वायू 800 ते 900 अंशांचे असतात. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर ओलांडून टोकापर्यंत येताना ते बरेच निवतात, तरीही रेसिंग ट्रॅकवर सलग फेऱ्या मारल्यावर शेवटच्या नळीचा धातू 200 अंशांपलीकडे जाऊ शकतो. मग दुसरी अडचण उभी राहते. 100 मिलिमीटर व्यासाचे स्टेनलेस स्टीलचे कडे 200 अंशांनी तापले की त्याचा व्यास सुमारे 0.34 मिलिमीटरने वाढतो. त्याच्यावरचे कार्बनचे आवरण मात्र जवळजवळ वाढतच नाही. आतून स्टील रेटा देते आणि मधला चिकट थर दर फेरीला ताणला जातो. रेझिनने हवेतून शोषलेला ओलावा वाफ होऊन थर फुगवतो तो वेगळाच.

गाडी धावत असताना वाऱ्यामुळे थोडा तरी दिलासा मिळतो. गाडी थांबली की तो वारा बंद होतो, पण तापलेल्या धातूतली उष्णता आजूबाजूच्या भागांत झिरपत राहते. 2011 च्या हंगेरी ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत चालक निक हाइडफेल्डच्या रेनो गाडीने पिटमधून, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यावरून, बाहेर पडता पडता पेट घेतला, तो नेहमीपेक्षा लांबलेल्या थांब्यानंतर. त्या गाडीची एक्झॉस्टची तोंडे बाजूच्या कार्बन आवरणांच्या पुढच्या टोकाशी होती. म्हणूनच जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता शेवटचे काही किलोमीटर सावकाश चालवावेत.

यावरचा इलाज म्हणजे उष्णता कार्बनपर्यंत पोहोचूच न देणे. 1990 च्या दशकातल्या मॅकलॅरन एफ-1 या रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाच्या कप्प्याला आतून सुमारे 16 ग्रॅम सोन्याचा पत्रा लावला होता, कारण सोने उष्णता वाहून नेणारे अवरक्त किरण जवळजवळ पूर्णपणे परतवते. टिपेसाठी इतका थाट नको; आतली धातूची नळी आणि बाहेरचे कार्बन यांच्यात हवेची पोकळी असली आणि दोन्ही भाग मोजक्याच ठिकाणी जोडलेले असले, तरी मोठा फरक पडतो. विकत घेताना टिपेत डोकावून ही फट पाहावी आणि विक्रेत्याकडे रेझिनच्या तापमानाचा आकडा मागावा.

पिवळेपणा फक्त वरच्या पारदर्शक लॅकरच्या थरापुरता असेल तर तो घासून नवा थर देता येतो. पण नाण्याने हलकेच टकटक केल्यावर एका जागी टणक आणि शेजारी बद्द आवाज आला, तर तिथे आतले थर सुटलेले असण्याची दाट शक्यता असते. एकदा ऑक्सिडेशन झालेले रेझिन कुठल्याही पॉलिशने पूर्ववत होत नाही, तो भाग बदलावाच लागतो.