न्यूट्रॉन सक्रियणासाठी ट्रॉम्बेला नमुना पाठवताना

मातीत, मिश्रधातूत किंवा अतिशुद्ध सिलिकॉनमध्ये दशलक्षांत एखादा भाग असलेलं सोनं, आर्सेनिक, कोबाल्ट मोजायचं असेल, तर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांना न्यूट्रॉन देणारी अणुभट्टी तशी दूर नाही. वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द, आणि पुढे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. जवळ पडते म्हणून वाशीतल्या ब्रिटच्या (अणुऊर्जा विभागाच्या किरणोत्सार व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाच्या) प्रयोगशाळेत मात्र नमुना नेऊ नका. तिथे खाद्यपदार्थांत मुळातच किरणोत्सार आहे का, हे तपासून निर्यातीसाठी दाखला देतात. आपलं काम उलटं आहे: नमुना न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवून मुद्दाम किरणोत्सारी करायचा आणि त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून मूलद्रव्य ओळखायचं.

प्रस्ताव विद्यार्थ्याच्या नव्हे, मार्गदर्शकाच्या नावाने जातो. ते विद्यापीठात किंवा संलग्न कॉलेजात कायम नोकरीत असावेत. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभागाच्या संयुक्त संशोधन संस्थेचं) मुंबई केंद्र हा एक मार्ग, बीआरएनएसचा (अणुविज्ञान संशोधन मंडळाचा) प्रकल्प हा दुसरा. दुसऱ्यात अणुऊर्जा विभागातला सहयोगी शास्त्रज्ञ लागतो. त्यांच्याशी आधी बोला, अर्ज नंतर भरा. मार्गदर्शकांचा बायोडेटा, संस्थाप्रमुखांची सही-शिक्का असलेलं पत्र आणि ओळखपत्राची प्रत तयार ठेवा. केंद्रात प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो, मोबाइल आत नेता येत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे नमुन्याचं वर्णन, आणि तोच सर्वांत घाईत लिहिला जातो. किती मिलिग्रॅम, कोणत्या रूपात, मुख्य घटक कोणते, हे स्पष्ट लिहा. सिलिकॉन चालतं, कारण त्याच्या किरणोत्सारी रूपाचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) अवघं २.६ तास, दोन दिवस थांबलं की ते विझतं आणि २.७ दिवस अर्धायुष्य असलेलं सोनं ठळक दिसतं. गॅलियम आर्सेनाइड स्वतःच इतकं किरणोत्सारी होतं की अशुद्धी झाकल्या जातात. बोरॉन, कॅडमियम न्यूट्रॉन गिळतात, म्हणून ते असल्यास लपवू नका. शिसं शोधायचं असेल तर ही पद्धत निवडूच नका.

नमुना स्टीलच्या पात्याने कापू नका, क्रोमियम आणि कोबाल्ट चिकटतात. उघड्या बोटांनीही धरू नका, घामातलं मीठ सोडियम म्हणून दिसतं. मारा झाल्यावर लागलेली धूळ मात्र निकाल बिघडवत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय आहे.

पाठवलेला नमुना परत मिळेल असं धरून चालू नका. अर्धा भाग आधीच वेगळा काढून, तारीख घालून कॉलेजात ठेवा.